नऊ माणसं, तीन कनू

मिनेसोटातल्या ईली गावाच्या पूर्वेला मूस लेकवर स्काउटांचा तळ आहे. तिथून कॅनडाच्या सरहद्दीवरच्या बाउंडरी वॉटर्सच्या रानात शिरणाऱ्या आमच्या ट्रूपच्या सफरींची आखणी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. अमेरिकेत 2019 पासून मुलींचेही ट्रूप निघाले, तेव्हा लेकीमुळे मी यात आले. हिवाळ्यात मिनियापोलिसच्या घरी नकाशा पसरला की पालक विचारतात, एवढे नियम कशाला? नऊच माणसं का? पत्र्याचे डबे का नकोत? सामान एवढं तोलून-मापून का भरायचं? मी म्हणते, यातला एकेक नियम कुणाच्या तरी कष्टातून नाहीतर भांडणातून आलाय. तो इतिहास मुलींना सांगितल्याशिवाय मी सामानाच्या यादीला हात लावत नाही.

या मुलखात तळी हजारावर आहेत आणि दोन तळ्यांच्या मध्ये खडक, दलदल, धबधबे. होडी पाण्यातून काढायची, डोक्या-खांद्यावर घेऊन पलीकडच्या तळ्यात सोडायची, याला इथे पोर्टेज म्हणतात. अशा वाटांसाठी होडी, म्हणजे कनू, हलकीच हवी. इथल्या आदिवासी ओजिब्वे लोकांनी ती भूर्जाच्या सालीची केली: आत सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळ्यांची शिवण, सांध्यांवर राळेचा लेप. फाटली तर दुरुस्तीचं सामान काठावरच उभं असायचं. आज आम्ही ज्या वाटांनी जातो त्यातल्या कितीतरी त्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत, हे मुलींना सगळ्यात आधी कळायला हवं.

अठराव्या शतकात या वाटांवर बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार आला. मॉंट्रियलहून 36 फुटी मोठ्या कनू लेक सुपीरियरवरच्या ग्रँड पोर्टेजला माल घेऊन यायच्या. आतल्या रानातून जेमतेम 25 फुटी कनूंमधून कातडी यायची. दर उन्हाळ्यात तिथे मालाची अदलाबदल व्हायची. पिजन नदीचे धबधबे टाळायला तिथून साडेआठ मैल पायी जावं लागे. कनू वल्हवणारे हे फ्रेंच-कॅनेडियन मजूर, वोयाजर, 90 पौंडांचा, म्हणजे सुमारे 41 किलोंचा एक गठ्ठा, असे दोन गठ्ठे एका खेपेला उचलायचे. आपल्याकडे बायका डोक्यावर चुंबळ ठेवून भारा पेलतात, तसा यांचा भार कपाळावरून घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर असे. त्यांची गाणी आणि लाल टोप्या सगळ्यांना माहीत असतात. मी मात्र हर्नियाची गोष्ट सांगते. ओझ्याने आतडं उतरून आणि नदीत बुडून ती माणसं मरत, वाटेवरच पुरली जात. म्हणून मुलीच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त ओझं मी तिच्या पाठीवर देत नाही, कितीही हट्ट केला तरी.

1842 च्या वेबस्टर-ॲशबर्टन करारात अमेरिका आणि ब्रिटनने इथली सरहद्द याच जलमार्गाने नेली. लेक सुपीरियरपासून लेक ऑफ द वूड्सपर्यंतच्या नेहमीच्या पोर्टेज वाटा दोन्ही देशांच्या लोकांना खुल्या राहतील, असंही त्यात लिहून ठेवलं. सरहद्द आखताना ओझी वाहणाऱ्यांची आठवण ठेवणारा करार मला फार मोलाचा वाटतो.

पुढे व्यापार ओसरला. 1882 मध्ये डुलुथच्या कमील प्वारिये यांनी खांद्याचे पट्टे आणि कपाळपट्टा असलेल्या कॅनव्हासच्या पाठपिशवीचं पेटंट घेतलं. ती डुलुथ पॅक अजून तयार होते. स्काउटांच्या इथल्या कनू सफरी 1923 मध्ये सुरू झाल्या. सेंट पॉलचे चार्ल्स सॉमर्स यांचं नाव पुढे तळाला मिळालं आणि तिथले वाटाडे ‘चार्ली’ झाले. फिनिश सुतारांनी 1941 मध्ये बांधलेली ओंडक्यांची इमारत मूस लेकवर उभी आहे. दुसरं महायुद्ध संपताना ग्रमन या लढाऊ विमानांच्या कंपनीने ॲल्युमिनियमची कनू काढली. ती खडकावर आपटली तरी पोचा पडून निभावतं, त्यामुळे शिकाऊ मुलांच्या हाती निर्धास्त देता आली.

हे रान आपसूक वाचलेलं नाही. 1925 मध्ये एडवर्ड बॅकस या लाकूड-उद्योगपतीने इथे धरणांची मालिका बांधायचा घाट घातला. रान जपू पाहणारे अर्नेस्ट ओबरहोल्टझर त्याच्याविरुद्ध उभे राहिले आणि 1930 च्या कायद्याने किनाऱ्यांना संरक्षण मिळालं. मग विमानं तळ्यांवर उतरू लागली. 1949 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी या रानावरून कमी उंचीवरून उडायला बंदी घातली. त्या बंदीची झळ नाइफ लेकवर एकट्या राहणाऱ्या डोरोथी मोल्टर या नर्सबाईंना बसली, कारण त्यांचा माल विमानाने यायचा. त्यांनी घरीच रूट बिअर हे बिनदारूचं पेय बनवून जुन्या बाटल्यांत भरायला सुरुवात केली आणि वल्हवत येणाऱ्यांना ती पाजत राहिल्या. 1986 मध्ये त्या गेल्या, तोवर या रानात कायम राहणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

1978 च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवरून मोटारबोटी हटल्या. त्याआधी ईलीत लोक एवढे चिडले होते की रानाच्या संरक्षणाची बाजू घेणारे लेखक सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा फासावर लटकवला गेला. मी ओल्सनच्या बाजूची आहे. पण ज्यांचं पोट मोटारबोटींवर होतं त्यांचा राग खोटा नव्हता, हेही मुलींना ऐकवते.

आजची आमची यादी या सगळ्यातून आली आहे. गटात जास्तीत जास्त नऊ माणसं: वाटाड्या धरून तीन कनूंत तिघं-तिघं. काच आणि पत्र्याचे डबे बंद, म्हणून वाळवलेलं अन्न. त्यात मी मेतकूट आणि कोरडी चटणी घालते. मूस, न्यूफाउंड, सकर, मग प्रेअरी पोर्टेज ओलांडून बासवूड लेक. त्या तळ्याच्या खालच्या धबधब्यांना वळसा घालणारी एक मैलाहून लांब वाट घ्यायची, की धबधब्यांजवळून छोट्या-छोट्या वाटांनी उतरत जायचं, हे मुली मतदानाने ठरवतात. यंदा लांब वाट निवडली आहे. लेकीचं मत विरुद्ध पडलं, तरी पहिली कनू तीच उचलणार आहे.