आधी पाऊस, मग सांगाडा

रायपूर, 1943. तुम्ही बंगाल नागपूर रेल्वेच्या फलाटावर उभे आहात, तिकीट मुंबईचं. राज्य म्हणून छत्तीसगड अजून सत्तावन्न वर्षं लांब आहे; हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर.

डोंगरगड मागे पडतं, गोंदिया येतं. पलीकडे नॅरोगेजची बुटकी गाडी उभी आहे. ती नैनपूरला जाते. तिथून एक फाटा मंडल्याला. त्या जंगलमुलखात, बाबरियात, 1922 साली वनखात्यातल्या नोकरदाराच्या घरी चित्रकार सय्यद हैदर रझा जन्मला. नागपूरच्या कलाशाळेतून बाहेर पडून तोही यंदाच मुंबई गाठतोय.

पुढे चला. मुंबईत पोटापाण्यासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओतली नोकरी, उरलेल्या वेळात चित्रं. त्याच्या खांद्यावरून डोकावा. जलरंगात भिजलेली मुंबई आहे: रस्ता कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, सांगता येत नाही. रंग ओला असतानाच शेजारचा रंग टेकवला की कडा फुटतात. पाऊस त्या फुटलेल्या कडांमधूनच दिसतो. 1946 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक, 1948 मध्ये सुवर्ण. मधल्या वर्षी सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे गाडे या चित्रकार-शिल्पकारांसोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप.

1948, श्रीनगर. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्याची चित्रं पाहतो. हात चांगला आहे, पण बांधणी कमी पडते. सेझानची चित्रं बघ, असा त्याचा सल्ला. पदकं मिळालेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे धाडसच. रझा मनावर घेतो. 1950 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन फ्रान्सला जातो.

तिथलं 1951 चं ‘ओ द कान्य’ हे चित्र जवळून बघा. टेकडीवरची घरं एकमेकांना घट्ट खेटून, कडा धारदार, वर काळा सूर्य. पाण्याचा थेंब नाही. मुंबईत विरघळणारी भिंत इथे आकाशाचा भार पेलते. 1956 मध्ये पॅरिसच्या समीक्षकांचं पारितोषिक याच माणसाला मिळतं.

आज रझा म्हटलं की लोक त्याच्या चित्रांतल्या बिंदूपाशी, त्या गोल ठिपक्यापाशी, येऊन थांबतात. हा बिंदू ठळक होतो 1980 च्या सुमारास. तोवर रझाची बरीच वर्षं निसर्गचित्रांत गेलेली असतात. बिंदूतलं अध्यात्म शोधायचं तर जरूर शोधा, पण त्याची शिस्त घरं रचता रचता आली आहे.