वेगाला लगाम

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास बहुधा इंजिनांच्या नावाने लिहिला जातो. कोणत्या गाडीची अश्वशक्ती किती होती, ती ताशी किती किलोमीटर धावली, याच्या नोंदी आवर्जून ठेवल्या जातात. ती गाडी थांबत कशी होती, हे विचारण्याचे मात्र फारसे कोणाला सुचत नाही. तथापि या इतिहासातील एक मोठा विजय इंजिनाचा नव्हता, ब्रेकचा होता. फ्रान्समधील ल मां येथे १९५३ च्या जून महिन्यात चोवीस तासांची जी शर्यत झाली, ती सर्वांत वेगवान गाडीने जिंकली नाही. सर्वांत उशिरा ब्रेक दाबण्याची हिंमत जिला परवडत होती, त्या गाडीने जिंकली.

या विजयाचे मर्म कळण्यासाठी ब्रेक म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. ब्रेक वेग नाहीसा करीत नाही. तो वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. एक हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी २४० किलोमीटर वेगाने धावत असता तिला पूर्णपणे थांबविले, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने साधारण सात लिटर पाण्याला उकळी येईल. एवढी उष्णता ब्रेकच्या काही किलो धातूने काही क्षणांत पोटात घ्यायची, ती हवेत सोडून द्यायची आणि पुढच्या वळणाला पुन्हा सज्ज व्हायचे! खंडाळ्याचा घाट उतरताना जाणता चालक गाडी खालच्या गिअरमध्ये का ठेवतो, याचे उत्तरही येथेच आहे. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका गरजेच्या वेळी दगा देतो.

आरंभीच्या मोटारींनी ब्रेक घेतला तो घोडागाडीचा. चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबायचा, एवढीच ती युक्ती होती. १९०२ साली दोन निरनिराळ्या कल्पना पुढे आल्या. फ्रान्समध्ये लुई रेनोने चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतून अर्धगोल पट्ट्या दाबण्याची रचना केली. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. दुसरी कल्पना मुळात अधिक निर्दोष होती. पण लँचेस्टरच्या चिमट्याला तांब्याचे अस्तर होते. ते धुळीच्या रस्त्यावर लवकर झिजे आणि ब्रेक लावताना कर्कश किंचाळे. कल्पना आली, पण तिला पेलणारा पदार्थ आला नव्हता. ड्रमचा ब्रेक झाकलेला असल्यामुळे धूळ-चिखलापासून वाचला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचेच राज्य चालले.

या राज्यात सुधारणाही झाल्या. हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाने अॅस्बेस्टॉसचे अस्तर प्रचारात आणले. ते उष्णता सोसणारे होते. मात्र त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते हे पुढे सिद्ध झाले, आणि ब्रिटनने १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी घातली. दुसरी सुधारणा अमेरिकेतून आली. पायाचा जोर तारा व दांड्यांनी चार चाकांपर्यंत नेला, तर तो चारही चाकांना सारखा क्वचितच पोहोचे. एक चाक आधी धरे, दुसरे मागे राही आणि गाडी आडवी जाई. माल्कम लॉकहीडने हा जोर नळीत कोंडलेल्या द्रवाकडून नेण्याची पद्धत बसविली. द्रव दाबला की दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे कामास आला. १९२१ साली ल मां येथेच फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जिमी मर्फीने ड्यूसेनबर्ग गाडी पहिली आणली, तेव्हा तिच्या चारही चाकांना असे ब्रेक होते.

परंतु इंजिने बलवान होत गेली तशी ड्रमची मर्यादा उघडी पडत गेली. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो. पेडल अधिकाधिक खाली जाऊ लागते. तापलेल्या अस्तराची पकडही ढिली पडते. ड्रम मोठे केले, त्यांना बाहेरून पंखासारख्या कडा दिल्या, तरी मूळ दोष सुटला नाही. तबकडीचे उलट आहे. ती उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून जाड झाली तरी अस्तरापासून दूर न जाता त्याच्याकडेच सरकते.

ही जुनी कल्पना पुन्हा उजेडात आली ती विमानांमुळे. जड विमान आखूड धावपट्टीवर थांबविण्यासाठी डनलॉप कंपनीने डिस्क ब्रेक तयार केले होते. तेच मोटारीला बसविण्याचे काम डनलॉप आणि जॅग्वार यांनी मिळून हाती घेतले. पण विमान एकदा थांबले की सुटले. शर्यतीतील गाडीला मिनिटा-मिनिटाला थांबावे लागते. जॅग्वारचा चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस याने मैलोगणती गाडी पळवून एकेक दोष शोधला. उष्णतेने ब्रेक ऑइल उकळे, त्याची वाफ होई, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल थेट तळाला जाई. किंचित डगमगणारी तबकडी अस्तराच्या ठोकळ्यांना मागे ढकली. मग पहिल्या दाबाला ब्रेकच लागेना.

१९५२ च्या जूनमध्ये स्टर्लिंग मॉसने रांस येथे डिस्क ब्रेकची जॅग्वार जिंकून आणली. पुढच्या वर्षी ल मां येथे फेरारी, अल्फा रोमिओ आणि अमेरिकेची कनिंगहॅम हे प्रतिस्पर्धी होते. साडेतेरा किलोमीटरांच्या त्या मार्गात जवळजवळ सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला म्युल्सानचे काटकोनी वळण. सरळ रस्त्यावर कनिंगहॅम जॅग्वारच्या पुढे जाई. पण ड्रम ब्रेक असल्यामुळे तिला वळणाच्या बऱ्याच आधी वेग सोडावा लागे. जॅग्वार त्यानंतरही काही क्षण तशीच धावे. फेरी-फेरीला मिळालेले हे क्षण चोवीस तासांत साठत गेले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन पहिले आले. मॉस व पीटर वॉकर यांची जॅग्वार दुसरी आली, कनिंगहॅम तिसरी आली. विजेत्यांचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर होता. ताशी शंभर मैलांची सरासरी त्या शर्यतीत प्रथमच ओलांडली गेली होती.

तरीही जुन्याचा मोह लवकर सुटला नाही. फेरारीच्या ग्रां प्री गाड्या १९५८ पर्यंत ड्रमवरच धावत होत्या. सामान्य ग्राहकाकडे मात्र हे ब्रेक लवकर आले: १९५५ साली सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना आणि पुढच्याच वर्षी ट्रायम्फ टीआर-३ ला.

त्याच १९५५ सालाने वेगाच्या या विद्येची काळी बाजूही दाखविली. ल मां येथे ११ जून रोजी माइक हॉथॉर्नने आपली जॅग्वार थांब्याकडे वळविण्यासाठी वेग कमी केला. मागची ऑस्टिन-हीली बाजूला वळली, आणि तिच्यामागून भरधाव येणारी पिएर लवेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून उधळली. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले. चौकशीत कोणाही चालकावर ठपका आला नाही. अपुऱ्या रुंदीच्या जुन्या मार्गावर नव्या वेगाच्या गाड्या धावत होत्या, हे खरे दुखणे होते. एका गाडीचा ब्रेक कितीही चांगला असला, तरी मागच्याला थांबायला अंतर आणि अवधी हवाच.

आज शर्यतीचा मार्ग केवळ व्यावसायिक चालकांचा राहिलेला नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथे किंवा कोइमतूरला हौशी माणसेही स्वतःची गाडी पळवितात. त्यांच्यापुढे ड्यूइसचेच प्रश्न उभे राहतात. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. मुरलेल्या पाण्यामुळे हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. म्हणून मार्गावर जाण्यापूर्वी ऑइल बदलणे आणि नळ्यांतील हवा काढणे हे पहिले काम. अधिक उष्णता सोसणारे पॅड घालणे, तबकडीपर्यंत वारा पोहोचविणे, अस्तराची जाडी मोजणे आणि तबकडीला तडा नाही हे पाहणे, ही त्यानंतरची कामे. शेवटची फेरी संथपणे मारून ब्रेक निवू द्यावेत. तापल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नये. आणि नुसता मोठा ब्रेक बसवून भागत नाही, कारण अखेर गाडी थांबवितो तो टायर. त्याची रस्त्यावरची पकड सुटली, की उत्तम ब्रेकही निरुपायाचा.

लँचेस्टरच्या तबकडीला दिवस पालटण्यासाठी पन्नास वर्षे वाट पाहावी लागली, आणि तोवर वेगाचे श्रेय इंजिन घेत राहिले. १९५३ च्या त्या चोवीस तासांनी हिशेब बदलला. थांबण्याची खात्री जितकी पक्की, तितकेच धावण्याचे धैर्य मोठे, हे तेथे घड्याळानेच दाखवून दिले.