मजुरीची वही : रोजंदारी कामगार आणि घरकामगारांसाठी न्यू जर्सीत मिळणारी मदत



सकाळी होम डेपोच्या पार्किंग लॉटच्या कडेला उभी असलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. घर बदलायचं असलं, डेक रंगवायचा असला की आपण तिथून दोघांना गाडीत बसवून आणतो, संध्याकाळी रोख पैसे देतो आणि विसरून जातो. मुलं सांभाळणाऱ्या, पोळ्या करून देणाऱ्या, घर साफ करणाऱ्या बायकांचंही तेच. गेले काही महिने आम्ही मंडळातले चार-पाच जण अशा कामगारांना हिशेबाचे आणि बँकेचे कागद समजावून द्यायला एक रविवार सोडून बसतो. त्यातून जमलेली माहिती इथे देत आहोत.

आधी थोडे आकडे. २००६ साली 'ऑन द कॉर्नर' नावाची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. २० राज्यांतल्या २६४ नाक्यांवर २,६६० मजुरांशी बोलून केलेल्या या पाहणीत असं दिसलं की ४९ टक्के मजुरांना आधीच्या दोन महिन्यांत निदान एकदा तरी काम करून मजुरी मिळालीच नव्हती. आणि त्यांना कामावर नेणारे कोण? सर्वात मोठा गट बांधकाम कंत्राटदारांचा नाही, तर घरमालक आणि भाडेकरूंचा, म्हणजे आपलाच!

बुडालेली मजुरी मागता येते. फेडरल किमान वेतन कायदा १९३८ चा. घरकामगार त्यात आले ते १९७४ मध्ये. केलेल्या कामाची मजुरी मागताना इमिग्रेशनचा दर्जा आड येत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्यापासून सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करता येतो आणि थकलेल्या रकमेवर २०० टक्क्यांपर्यंत भरपाईही मिळू शकते. पण तारीख, तास, पत्ता यांची नोंद नसेल तर दावा उभा करणं फार कठीण जातं. आम्ही आयटीवाले, त्यामुळे पहिल्या रविवारी मोठ्या उत्साहाने फॉर्म्युले घातलेली एक्सेल शीट घेऊन गेलो. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी चालली ती खिशात मावणारी वही : आज कुठे, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, किती ठरले, किती मिळाले. जोडीला घराच्या नंबराचा आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोनवर फोटो. न्यू ब्रन्सविकच्या 'न्यू लेबर'सारखी कामगार केंद्रं आपल्या जवळच आहेत. मजुरी अडली तर आधी तिथे जावं.

घरकामगारांची नोंद ठेवणं ही आता मालकाचीही जबाबदारी आहे. न्यूयॉर्कने २०१० मध्ये त्यांच्यासाठी देशातला पहिला राज्य कायदा केला. न्यू जर्सीचा कायदा जुलै २०२४ पासून लागू आहे. लेखी करार, विश्रांतीची सुट्टी, कामावरून काढण्याआधी दोन आठवड्यांची (घरात राहणाऱ्या बाईंना चार आठवड्यांची) नोटीस, हे सगळं त्यात आहे. बाईंचा पासपोर्ट 'सांभाळून ठेवतो' म्हणून आपल्या कपाटात ठेवणं बेकायदा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. नियमित कामावर ठेवताना फॉर्म आय-९ भरून कामाचा परवानाही पाहावा लागतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या ओळखीच्या काकूंना स्वयंपाकाला ठेवणं या परवान्यात बसत नाही, हे आपल्याकडे जरा मोठ्याने सांगायला हवं.

टॅक्सचं गणित असं. २०२५ साली एका व्यक्तीला २,८०० डॉलर किंवा अधिक रोख मजुरी दिली असेल, तर घरमालकाला शेड्यूल एच भरून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा भरणा करावा लागतो, दोन्ही बाजूंचे मिळून १५.३ टक्के. 'रोखीत दे, दोघांचंही वाचेल' असं बाई स्वतःच म्हणतात, तेव्हा काय गमावतोय तेही सांगावं. निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट्स, म्हणजे किमान दहा वर्षांची नोंद लागते. पंधरा वर्षं परवान्यानिशी काम करून क्रेडिट्स शून्य असलेल्या एक बाई आमच्यासमोर बसल्या होत्या. त्यांना काय सांगावं ते आम्हाला सुचलं नाही.

ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही ते आयटीन नंबर घेऊन टॅक्स भरू शकतात. त्याने कामाचा परवाना मिळत नाही, पण उत्पन्नाचा कागद तयार होतो. मात्र २०२५ साली आयकर खात्याने इमिग्रेशन खात्याला माहिती देण्याचा करार केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यामुळे आम्ही या बाबतीत सल्ला देत नाही, आधी वकिलाला विचारा एवढंच सांगतो.

आता बँक. पासपोर्ट आणि आयटीनवर खातं उघडून देणाऱ्या बँका आणि क्रेडिट युनियन्स आहेत. चेक वटवणाऱ्या दुकानांचं कमिशन वाचतं, शिवाय १ जानेवारी २०२६ पासून रोखीने किंवा मनीऑर्डरने परदेशी पैसे पाठवण्यावर एक टक्का कर आहे. बँक खात्यातून पाठवलेल्या पैशांवर तो नाही. पाठवण्याआधी फी आणि विनिमय दर लेखी मागून घ्यावा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पैसे पोचले नसतील तर साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत व्यवहार रद्दही करता येतो.

मेक्सिकन बायका 'तांदा' लावतात हे ऐकलं तेव्हा आम्हाला हसूच आलं. ही तर आपली भिशी! दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम द्यायची, एकीने उचलायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मिशन ॲसेट फंड' या संस्थेने याच पद्धतीची बिनव्याजी कर्जं सुरू केली आणि प्रत्येक हप्ता क्रेडिट ब्युरोंना कळवला. भिशी तीच, पण आता तिच्यावर क्रेडिट स्कोअर तयार होतो.

मंडळात कोणाला स्पॅनिश येत असेल तर जरूर कळवा. आमची गाडी अजून 'ग्रासियास'च्या पुढे सरकलेली नाही. आणि घरात कोऱ्या छोट्या वह्या पडून असतील तर त्याही हव्या आहेत.