सज्जा (विटांच्या दर्शनी भिंतीलगतचा)

घराच्या भिंतीबाहेर काढलेला फळ्यांचा उघडा मंच म्हणजे सज्जा. व्यवहारात त्यास गॅलरी म्हणतात. ज्या भिंतीस तो जोडावयाचा ती विटांची दिसते, एवढ्यावरून ती विटांचीच आहे असे गृहीत धरणे ही या कामातील मूळ चूक होय; आणि अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस तेल्हाऱ्यासारख्या गावी, जेथे जुन्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असून पक्क्या विटांचा थर केवळ रस्त्याकडील अंगास चढविलेला असू शकतो, तेथे तर ती सहज घडते.

हा दर्शनी थर बहुधा अर्ध्या विटेचा, म्हणजे सुमारे 115 मिलिमीटर जाडीचा असतो. स्वतःचे वजन तो पेलतो. परका भार त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे (1987) निवासी सज्ज्यावर दर चौरस मीटरला 3 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 300 किलो भार धरावा लागतो. म्हणजे 3 मीटर लांब व दीड मीटर रुंद सज्ज्यावर साडेतेराशे किलो होतात, व त्यांतील जवळजवळ निम्मे भिंतीकडील तुळईवर येतात. अमेरिकेच्या निवासी बांधकाम-संहितेत अशा दर्शनी थरावर सज्जा टेकविण्यास सरळ मज्जाव आहे.

भिंतीची पारख बारीक ड्रिलने करावी. तांबडी भुकटी नऊ इंचांपर्यंत येत राहिली तर भिंत भरीव विटांची. पण साडेचार इंचांवर ड्रिल एकाएकी सैल पडून फिकट माती गळू लागली, तर तेथे खिळा वा बोल्ट मारण्याचा विचारच सोडावा, मग मिस्त्री कितीही छातीठोकपणे हमी देवो. भरीव भिंतीत बोल्ट आरपार नेऊन आतील अंगास रुंद लोखंडी पट्टीवर आवळतात. जुने सुतार याहून शहाणे होते: मजल्याच्या तुळयाच भिंतीबाहेर काढून त्यांवर सज्जा घालण्याची त्यांची रीत होती, त्यामुळे भार दर्शनी विटांकडे जातच नसे.

भिंत विश्वासाची नसेल तेव्हा स्वतंत्र खांबांवरचा सज्जा हाच इलाज. परंतु तेल्हारा ज्यात येते त्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरचे खांब तिच्याबरोबर वरखाली होतात. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी कंदासारखी फुगवलेली काँक्रीटची खुंटी प्रचारात आणली. ती साधारणतः साडेतीन मीटर खोल, म्हणजे हालचालीच्या थराखाली नेतात. खर्च वाढतो, पण या मातीत काटकसर महागात पडते. शिवाय सज्जा व भिंत यांमध्ये बोटभर फट राखावी, म्हणजे एकाची हालचाल दुसऱ्यास बाधत नाही.

पाणी हा दुसरा शत्रू. सज्जा भिंतीस जोडलेलाच असेल तर सांध्यावर जस्ताचा पत्रा विटांच्या दरजेत खोचून पुढे उतरता ठेवावा. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पाणी मुरून कड्या कुजलेला सज्जा कोसळला व 6 जण दगावले. वरून तो धडधाकट दिसत होता. त्यात तेल्हारा तालुका खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात मोडतो. खाऱ्या पाण्यात भिजविलेल्या विटांना लोणा लागतो आणि त्यांतील साधा लोखंडी बोल्ट लवकर गंजतो. म्हणून बोल्ट जस्तलेपित किंवा गंजरोधक पोलादाचेच वापरावेत, आणि दर वर्षी मृगापूर्वी प्रत्येकावर पाना लावून ते पाहावेत.