वाळू अडली, इतिहास उघडा पडला

१८८९-९० च्या हिवाळ्यात रॉबर्ट ब्रूस्टर स्टॅन्टन हा अभियंता होड्या घेऊन ग्रँड कॅनियनमध्ये उतरला. कोलोरॅडो नदीच्या काठाने रेल्वे नेता येते, हे सिद्ध करण्यासाठी त्याने वाटेत शेकडो छायाचित्रे घेतली. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच कंपनीचे अध्यक्ष फ्रँक ब्राउन याच नदीत बुडाले होते. रेल्वे कधीच झाली नाही. छायाचित्रे मात्र उरली. शंभर वर्षांनी संशोधकांनी त्याच जागांवर कॅमेरे उभे केले, तेव्हा जुन्या चित्रांतली विस्तीर्ण वाळवंटे अनेक ठिकाणी आक्रसलेली दिसली. (वाळवंट येथे पंढरपूरच्या अर्थाने, नदीकाठची वाळू.)

मधल्या काळात, १९६३ मध्ये, ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले होते. नदीचा गाळ आता लेक पॉवेल जलाशयात बसतो. खाली येणारे पाणी नितळ असते. ते काठाची वाळू उचलून नेते, पण तिच्या जागी नवी टाकत नाही. धरणाखाली वाळू पुरवतात त्या मुख्यतः पारिया आणि लिटल कोलोरॅडो या उपनद्या.

यात इतिहासाचा काय संबंध? याच काठांवर प्राचीन प्युएब्लो लोकांची दगडी घरे आणि चुली आहेत. पूर्वी पूर वाळू टाकत, वारा ती वर उडवून नेई, आणि पावसाने पडलेल्या ओघळी बुजत. वाळूचे पांघरूण हेच त्या अवशेषांचे खरे संरक्षण होते. ते विरले; ओघळी मात्र वाढत राहिल्या.

दोष पावसाचा की धरणाचा, हा वाद नजरेने मिटणारा नव्हता. शिवाय १९९२ च्या कायद्याने सांस्कृतिक वारसा जपूनच धरण चालवण्याचे बंधन घातले होते. म्हणून मोजमाप महत्त्वाचे ठरले. २००६-०७ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी तिवईवर लेसर स्कॅनर लावून काही स्थळे मोजली. प्रकाशाचे ठोके जमिनीवर आदळून परततात. लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि लाखो बिंदूंचा भूपृष्ठ तयार होतो. दोन वेळचे भूपृष्ठ एकमेकांवर ठेवले की काही सेंटिमीटरची झीजही दिसते. हे सारे अवशेषांवर पाऊल न ठेवता. होपी आणि झुनी लोकांसाठी ही पूर्वजांची भूमी आहे, त्यामुळे ही बाब क्षुल्लक नव्हे.

ज्या स्थळांना नदीकाठची वाळू वाऱ्याने अजून मिळते, तिथे ओघळी कमी पडतात, असे पुढील अभ्यासांत आढळले.

वाळू परत कशी आणायची? १९९६ मध्ये धरणातून सात दिवस सेकंदाला सुमारे १,२७० घनमीटर पाणी सोडून कृत्रिम पूर आणला गेला. वाळवंटे वाढली, पण त्यांतली बरीच वाळू काही महिन्यांत पुन्हा वाहून गेली. २००४ पासून पारियाने पुरेशी वाळू आणल्यानंतरच असा पूर सोडण्याची पद्धत आली. धरणामागचा गाळ मात्र तिथेच साचतो आहे.