ढग आले की लेझर अडतं, मग अंतराळातला डेटा पृथ्वीवर येतो कसा?

11 डिसेंबर 2023. 'टेटर्स' नावाच्या मांजराचा 15 सेकंदांचा व्हिडिओ सुमारे 3 कोटी 10 लाख किलोमीटरवरून पृथ्वीवर आला. नासाच्या 'सायकी' यानाने तो रेडिओऐवजी लेझरने पाठवला होता. वेळ लागला 101 सेकंद, कमाल वेग सेकंदाला 267 मेगाबिट. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने तो टिपला. गंमत म्हणजे, तिथून प्रयोगशाळेपर्यंतचं इंटरनेट अंतराळातल्या या लिंकपेक्षा हळू निघालं!

पण त्या दिवशी पालोमारवर दाट ढग असते, तर कोट्यवधी किलोमीटर पार करून आलेला हा किरण शेवटच्या काही किलोमीटरमध्येच अडला असता.

ढगात नेमकं काय होतं?

रात्री घाटात धुकं असेल तर गाडीच्या हेडलाइटने रस्ता दिसत नाही, समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. ढगातही तेच होतं. ढगातला पाण्याचा थेंब साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा थोडा मोठा असतो. सायकीच्या लेझरची तरंगलांबी आहे 1.55 मायक्रॉन. थेंब तरंगापेक्षा मोठा असल्याने प्रकाश प्रत्येक थेंबावर विखुरत जातो आणि दुर्बिणीपर्यंत फारसं काही पोहोचत नाही. लेझरची ताकद वाढवूनही दाट ढगापुढे फारसा उपयोग होत नाही.

अंतराळयानं वापरतात ते रेडिओ तरंग काही सेंटिमीटर लांबीचे. त्यांना हे बारीक थेंब जवळपास जाणवतच नाहीत. (मुसळधार पावसात घरच्या टीव्हीची डिश बंद पडते, ती पावसाच्या मोठ्या थेंबांमुळे.)

सायकीची अडचण तर दुहेरी होती. यानाला पृथ्वीवर अचूक नेम धरता यावा म्हणून टेबल माउंटनवरून एक लेझर वर सोडला जायचा. म्हणजे दोन्ही ठिकाणी आकाश मोकळं हवं!

मग उपाय काय?

ढग भेदता येत नाहीत, त्यामुळे जागा बदलायची. 7 डिसेंबर 2021 रोजी सोडलेल्या नासाच्या 'एलसीआरडी' या लेझर प्रयोगासाठी दोन ग्राउंड स्टेशन ठेवली आहेत: एक कॅलिफोर्नियात टेबल माउंटनवर, दुसरं हवाईमध्ये सुमारे 3 किलोमीटर उंचीच्या हालेआकाला या ज्वालामुखीवर. एकीकडे ढग आले की दुसरीकडून काम करता येतं.

समजा, प्रत्येक ठिकाणी 30 टक्के वेळ ढग असतात. दोन्हीकडच्या हवामानाचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी झाकली जाण्याची शक्यता 9 टक्केच उरते. तीन ठिकाणं असतील तर 3 टक्क्यांहूनही कमी. अट एकच, स्टेशन एकमेकांपासून लांब हवीत. शेजारी शेजारी बांधली तर एकच ढग दोघांना झाकणार.

सगळीकडेच ढग असतील तर डेटा यानाच्या मेमरीत साठवून थांबावं लागतं. तातडीच्या आज्ञांना मात्र थांबून चालत नाही. म्हणूनच सायकीवर लेझर हा फक्त प्रयोग होता, यानाचं रोजचं काम रेडिओवरच चालतं.