बाल-यकृत् सूत्रणरोग, भारतीय : उपचार-चाचण्यांचा इतिहास

लहान मुलांच्या यकृतातील कोशिका नष्ट करून त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढविणारा रोग. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत तो मुख्यत्वे आढळे. प्रारंभी चिडचिड, भूक मंदावणे, पोट फुगणे व यकृत् वाढून कठीण होणे ही लक्षणे दिसत. पुढे कावीळ व जलोदर होऊन बहुधा काही महिन्यांत मृत्यू ओढवे. एकाच घरातील एकामागून एक भावंडे दगावल्याचीही उदाहरणे आहेत. कलकत्त्यात १८८७ मध्ये या रोगाचे वर्णन झाले. त्यानंतर दीर्घकाळ कुपोषण, विषाणुसंसर्ग, बुरशीजन्य विष, आनुवंशिकता इ. कारणे सुचविली गेली. परंतु खात्रीचा उपाय सापडला नाही.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात संशोधनास निश्चित दिशा मिळाली. रोगी मुलांच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा असल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. निरोगी यकृताच्या दर ग्रॅम शुष्क ऊतकात सु. ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या रोगात ते बहुधा ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने पुढील संशोधन झाले.

शरीरातील तांबे मूत्रावाटे बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध विल्सन रोगावर १९५६ पासून ज्ञात होते. त्याच्या दोन चाचण्या पुण्यात घेण्यात आल्या व त्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग बळावलेल्या मुलांच्या चाचणीत कोणते मूल कोणत्या गटात आहे, हे पालक व डॉक्टर या दोघांनाही कळू दिलेले नव्हते. तीत औषधाने नजीकच्या काळातील मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. मात्र कावीळ होण्यापूर्वी उपचार सुरू झालेल्या मुलांपैकी अनेक वाचली. अशा दीर्घकाळ जगलेल्या मुलांच्या पाहणीचा वृत्तांत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाचे यश रोगाच्या अवस्थेवर अवलंबून असल्यामुळे लवकर निदान व प्रतिबंध यांचे महत्त्व स्पष्ट झाले.

प्रतिबंधाचा मार्ग स्वयंपाकघरात होता. रोगी मुलांना अगदी लहान वयात गाईचे वा म्हशीचे वरचे दूध दिले गेले होते आणि ते पितळी भांड्यांत तापविले वा साठविले जाई, असे १९८३ मध्ये निदर्शनास आणण्यात आले. पितळ ही तांबे व जस्त यांची मिश्रधातू आहे. कल्हई नसलेल्या वा कल्हई उडालेल्या भांड्यातील तांबे दुधात उतरते व केसीन या प्रथिनाशी बांधले जाते. ऑस्ट्रियातील टिरोल प्रदेशात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ अर्भके दगावली होती. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यांत तापविले जाई; ती भांडी वापरातून गेल्यावर रोगही नाहीसा झाला.

तथापि केवळ तांब्याने रोगाची पूर्ण उपपत्ती लागत नाही. पितळी भांड्यातील दूध पिणाऱ्या बहुसंख्य मुलांना रोग झाला नाही. त्यामुळे आनुवंशिक प्रवणताही असावी, असे अनेक तज्ञ मानतात. स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम यांची भांडी घरोघरी आल्यानंतर भारतात हा रोग दुर्मिळ झाला. उशिरा दिलेले औषध ज्यांना वाचवू शकत नव्हते, अशा मुलांचे रक्षण दुधाचे भांडे बदलण्यासारख्या साध्या उपायाने होऊ शकते, हे या संशोधनाचे मुख्य फलित होय.